पारंपरिक धनुष्यासाठी बाण ट्यून करणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तेच तेच प्रश्न फिरून फिरून येतात म्हणून सगळे एका जागी घेतलेत. आधीच सांगतो, खालची उत्तरं उजव्या हाताने दोरी ओढणाऱ्या, बोटांनी सोडणाऱ्या आणि बाण धनुष्याच्या डाव्या अंगाला ठेवणाऱ्या माणसासाठी आहेत. डावखुरे असाल तर डावं-उजवं उलटं वाचा. अंगठ्याने ओढत असाल तर आधी प्रश्न १८ वाचा, नाहीतर सगळं उलटं कराल.

१. ट्यूनिंग म्हणजे नक्की काय? मी दहा मीटरवरच मारतो, मला लागतं का?

बाण दोरीतून सुटल्यावर लवकरात लवकर सरळ व्हावा, शेपटी हलवत जाऊ नये, धनुष्याला घासू नये, यासाठी बाण आणि धनुष्य एकमेकांना जुळवून घेणं, बस. दहा मीटरवर मोठी पिसं सगळं झाकून टाकतात, बाण वाकडा निघाला तरी टार्गेटला लागतोच, त्यामुळे वाटतं की सगळं ठीक चाललंय. वीस-पंचवीस मीटरवर गेलात की तोच बाण कधी डावीकडे कधी उजवीकडे, आणि मग माणूस स्वतःच्या नेमाला दोष देत बसतो. लागतं का, तर मजेसाठी मारत असाल तर नाही लागत. पण ग्रुप (सगळे बाण एका जागी जवळजवळ लागणं) का बसत नाही हा प्रश्न पडायला लागला असेल तर लागतं.

२. बाण धनुष्याच्या मधून नाही, बाजूने जातो. मग तो सरळ कसा काय जातो?

कारण तो वाकतो. बोटं उघडली की दोरी बोटांवरून घरंगळताना थोडी डावीकडे सरकते, बाणाचं मागचं टोक तिच्याबरोबर जातं, पुढे टोकाचं वजन जागचं हलायला तयार नसतं, आणि मधला भाग धनुष्याच्या अंगावर दाबला जाऊन बाण वाकतो. मग तो उलट्या बाजूला वाकतो, आणि त्या वळणातच शेपटीला धनुष्याला वळसा घालून निघायला जागा मिळते. पुढेही काही मीटर असाच लवलवत जातो आणि हळूहळू शांत होतो. १९३० च्या दशकात क्लॅरेन्स हिकमन या अमेरिकन संशोधकाने हाय-स्पीड कॅमेऱ्याने हे टिपलं होतं, आता कुठलाही स्लो-मोशन व्हिडिओ बघा, स्पष्ट दिसतं.

अख्खं ट्यूनिंग या एका गोष्टीवर उभं आहे. बाण कमी वाकला तर धनुष्याला वळसा न घालता डावीकडे जातो, त्याला कडक म्हणायचं. जास्त वाकला तर उजवीकडे येतो, तो मऊ.

३. लाकडी बाणावर ५० लिहिलंय आणि कार्बनवर ५००. कुठला कडक?

दोन वेगळ्या मोजपट्ट्या आहेत आणि त्या उलट्या चालतात, त्यामुळे गोंधळ होणारच.

कार्बन: शाफ्ट (बाणाची दांडी) २८ इंच अंतरावरच्या दोन टेकूंवर ठेवायचा, मध्ये ८८० ग्रॅम (१.९४ पाउंड) वजन टांगायचं, तो किती इंच खाली वाकला ते बघायचं. अर्धा इंच म्हणजे ०.५०० वाकला तर स्पाइन (बाणाच्या कडकपणाचा आकडा) ५००. म्हणजे आकडा मोठा तितका बाण मऊ.

लाकूड: टेकू २६ इंचांवर, वजन २ पाउंड, आणि २६ ला वाकण्याच्या इंचांनी भागायचं. ०.५२ इंच वाकला तर २६ भागिले ०.५२, म्हणजे ५० पाउंड. इथे आकडा मोठा तितका बाण कडक.

साधारण ताळा हवा असेल तर लाकडी ५० म्हणजे कार्बनचा अंदाजे ६३०, लाकडी ४५ म्हणजे अंदाजे ७००. ॲल्युमिनियमवर तिसरंच काहीतरी असतं. १९१६ मधला १९ म्हणजे जाडी, इंचाच्या ६४ भागांपैकी १९, आणि १६ म्हणजे नळीच्या भिंतीची जाडी, इंचाचे १६ हजारांश. त्यावरून स्पाइन थेट कळत नाही, तक्ता बघावा लागतो.

आणि हे सगळे आकडे बाण स्थिर असतानाचे. सुटताना तो किती वाकेल हे लांबी, टोकाचं वजन, धनुष्य, दोरी या सगळ्यांवर ठरतं, म्हणून शाफ्टवर एकच आकडा असलेले दोन बाण दोन धनुष्यांतून अगदी वेगळे वागतात.

४. माझं धनुष्य ४० पाउंडांचं आहे. कुठला स्पाइन घेऊ?

आधी ४० कुठे ते बघा. धनुष्यावर लिहिलेलं वजन बहुतेक वेळा २८ इंच ओढीचं असतं. तुम्ही २६ पर्यंतच ओढत असाल तर हातात येतात ३५ च्या आसपास, कारण त्या टप्प्यात दर इंचाला दोन-तीन पाउंडांचा फरक पडतो. कुणाला तरी बाजूला उभं करा, तुम्ही पूर्ण ओढल्यावर बाणावर खूण करायला सांगा, आणि जमलं तर लटकवायच्या काट्यावर त्याच लांबीला वजन मोजा. या दोन आकड्यांशिवाय स्पाइन विचारण्यात अर्थ नाही.

दुसरं म्हणजे, धनुष्याची खाच किती खोल आहे? मुठीच्या वर जिथे बाण टेकतो ती खाच (शेल्फ) मध्यापर्यंत कापलेली असेल तर बाणाला फारसा वळसा घालावा लागत नाही, कडक बाण चालतो. खाचच नसेल, बाण मुठीवरच टेकत असेल, तर मऊ लागतो.

ढोबळ सुरुवात सांगायची तर ४० पाउंड हातात येत असतील, खाच मध्यापर्यंत असेल, तर कार्बन ६०० आणि पूर्ण लांबी. खाच नसलेल्या धनुष्याला लाकडी बाण घेताना धनुष्याच्या वजनापेक्षा ५ ते १० पाउंड कमी स्पाइनचा घेऊन बघा. तक्त्यांवर फार विसंबू नका, बरेच तक्ते कंपाउंड (चाकांचं धनुष्य) किंवा ऑलिंपिक रीकर्व्ह (टोकं पुढे वळलेलं धनुष्य) डोक्यात ठेवून केलेले असतात आणि आपल्याला हवा त्यापेक्षा कडक बाण सुचवतात. शक्य असेल तर डझनभर घेण्याआधी दोन-तीन स्पाइनचा एकेक शाफ्ट आणून मारून बघा, डझन चुकीचे घेण्यापेक्षा ते कधीही स्वस्त.

५. शाफ्ट आणल्या आणल्या कापून घेऊ का?

नको! कापलेलं परत जोडता येत नाही. लांबी कमी केली की बाण कडक होतो, आणि हा परिणाम मोठा आहे, एक इंच म्हणजे लाकडी मापात साधारण ५ पाउंड. पूर्ण लांबीचा ठेवा, टोकं बदलून बघा, कापायची वेळ आलीच तर एका वेळी पाव इंच. आणि एकच बाण कापा, सगळे नाही. पूर्ण ओढीत टोक धनुष्याच्या पुढे निदान एक इंच राहिलं पाहिजे, ही सुरक्षेची गोष्ट आहे, यात तडजोड नाही.

६. सुरुवात कशापासून करायची? ब्रेस हाइट, नॉकिंग पॉइंट, स्पाइन, सगळं एकदम डोक्यात जातं.

क्रम असा: ब्रेस हाइट, मग नॉकिंग पॉइंट (दोरीवर बाण बसवायची जागा), मग स्पाइन, आणि शेवटी बारीकसारीक गोष्टी. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि काय बदललं ते लिहून ठेवा. टोक बदललं, दोरीला दोन पीळ दिले आणि नॉकिंग पॉइंटही हलवला, आता बाण सुधारला तर कशामुळे? कोणालाच सांगता येणार नाही.

ब्रेस हाइट म्हणजे दोरी चढवलेली असताना मुठीच्या सगळ्यात खोल जागेपासून दोरीपर्यंतचं अंतर. लाँगबोला (लांब, जवळपास सरळ धनुष्य) साधारण साडेसहा ते साडेसात इंच, छोट्या रीकर्व्हला साडेसात ते साडेआठ, पण बनवणाऱ्याने दिलेला आकडा असेल तर तोच धरा. काहीच माहीत नसेल तर जुनं माप आहेच: मुठीवर आपली मूठ ठेवायची, अंगठा उभा करायचा, त्याचं टोक दोरीला लागलं की झालं. मग दिलेल्या मर्यादेत दोन-तीन पीळ वाढवत-कमी करत कानाने ठरवा. जिथे धनुष्य सगळ्यात गप्प आणि हाताला झटका सगळ्यात कमी, ती तुमची जागा. नवी दोरी सुरुवातीला ताणते, त्यामुळे पहिले काही दिवस सरावाआधी रोज मोजा. ब्रेस हाइटने स्पाइन दुरुस्त करायला जाऊ नका, परिणाम थोडा आणि त्रास जास्त.

७. नॉकिंग पॉइंट नेमका कुठे?

धनुष्य-काटकोन (T आकाराची मोजपट्टी) दोरीला लावून शेल्फच्या रेषेपासून वर मोजायचं. दोन बोटांमध्ये बाण धरत असाल (एक वर, दोन खाली) तर अर्ध्या इंचापासून सुरू करा. तिन्ही बोटं बाणाखाली ठेवत असाल तर थोडं वर, पाच अष्टमांश, कधी पाऊण इंचसुद्धा. तीन बोटं खाली असताना बाणाच्या खालीही एक छोटी गाठ बांधा, नाहीतर ओढताना नॉक (बाणाच्या मागची, दोरीत बसणारी खाच) दोरीवर खाली सरकतो आणि मग काहीही केलं तरी निकाल येत नाही.

पितळी क्लिपपेक्षा दोऱ्याची गाठ बरी, जरा फिरवली की वर-खाली जाते, आणि ट्यून झाल्यावर डिंकाच्या एका थेंबाने पक्की करता येते.

सुरुवात मुद्दाम थोडी वर करा आणि खाली या. कारण प्रश्न ९ मध्ये आहे.

८. बेअर शाफ्ट टेस्ट कशी करतात?

पिसं लावलेले तीन बाण आणि बिनपिसांचे (म्हणजे बेअर शाफ्ट) दोन, बाकी सगळं एकसारखं, तोच शाफ्ट, तेवढीच लांबी, तेच टोक. पिसांच्या जागी तेवढ्याच वजनाची टेप गुंडाळा, कारण मागचं वजन कमी झालं की बाण थोडा मऊ वागतो आणि निकाल फसवतो. पाच-सहा मीटरवरून सुरू करा, बेअर शाफ्ट सुरुवातीला कुठेही जाऊ शकतो, मागे चांगलं मोठं अडवणारं काहीतरी हवंच. मग दहा, मग अठरा-वीस मीटर.

आता बघायचं काय? पिसांच्या बाणांचा ग्रुप कुठे आणि बेअर शाफ्ट त्याच्या मानाने कुठे. नेमक्या मध्यावर लागले की नाही याच्याशी काही देणंघेणं नाही. शाफ्ट टार्गेटमध्ये तिरका घुसलाय यावरही फार जाऊ नका, गवताचं किंवा थरांचं टार्गेट बाणाला स्वतःच वळवतं. कुठे लागला ते बघा.

लाकडी शाफ्टवर ही टेस्ट करताना सांभाळून, त्याबद्दल प्रश्न १६.

९. बेअर शाफ्ट अमुक ठिकाणी लागतोय, मग काय बदलू?

आधी वर-खाली सोडवा, डावं-उजवं नंतर.

बेअर शाफ्ट ग्रुपच्या खाली लागला: नॉकिंग पॉइंट जास्त वर आहे, खाली घ्या. वर लागला: वर घ्या. एका वेळी एक मिलिमीटरपेक्षा थोडं जास्त, बस. इथे एक फसवणूक आहे. नॉकिंग पॉइंट फारच खाली असेल तर बाणाची शेपटी शेल्फवर आपटते आणि उसळते, आणि मग दिसतं असं की नॉक वर आहे. तुम्ही अजून खाली घेता, अजून उसळतो. म्हणून वरून खाली यायचं.

डावं-उजवं:

डावीकडे लागला म्हणजे कडक. टोक जड करा (२५-२५ ग्रेनच्या टप्प्याने, ग्रेन हे वजनाचं छोटं माप), किंवा लांब शाफ्ट घ्या, किंवा बाण जिथे बाजूने टेकतो ती प्लेट पातळ करा.

उजवीकडे लागला म्हणजे मऊ. टोक हलकं करा, किंवा पाव-पाव इंच कापा, किंवा प्लेट जाड करा.

प्लेट सगळ्यात शेवटी हलवा, ती बारीक फरकासाठी आहे. चामड्याखाली पातळ पट्टी घातली की बाण मध्यापासून जरा बाहेर जातो आणि थोडा कडक वागतो, एवढंच तिचं काम. चाळीस पाउंडांच्या धनुष्याला ४०० स्पाइन घेऊन प्लेटने जुळवायला बसाल तर आयुष्य जाईल.

वीस मीटरवर बेअर शाफ्ट ग्रुपमध्ये किंवा त्याला चिकटून, जरासा उजवीकडे लागायला लागला की थांबा. जरासा उजवीकडे म्हणजे जरासा मऊ, आणि तो मुद्दाम ठेवायचा, कारण थकल्यावर ओढ कमी होते आणि कमी ओढीला मऊ बाण जास्त माफ करतो.

१०. काल बेअर शाफ्ट डावीकडे जात होता, आज उजवीकडे. असं कसं?

बाण रात्रीत बदलत नाही. बदलली ती तुमची ओढ किंवा सोडणं. पूर्ण ओढून न थांबता सोडला, एक इंच कमी ओढला, हात बाहेरच्या बाजूला झटकला, धनुष्याची मूठ आवळली, यातलं काहीही बेअर शाफ्टला लगेच कळतं, पिसांच्या बाणाला कळत नाही. ज्यांचा ग्रुप दहा मीटरवर अजून ताटाएवढा मोठा आहे त्यांनी बारीक ट्यूनिंग करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. स्पाइन साधारण बरोबर असलेला बाण घ्या, पिसं मोठी लावा, महिना-दोन महिने नुसतं सोडणं सुधारा आणि मग या. नाहीतर तुम्ही बाण स्वतःच्या चुकीला जुळवाल, चूक सुधारली की बाण परत वाकडा.

एका दिवसाच्या निकालावर कधीच कापू नका. दोन वेगळ्या दिवशी, ताजेतवाने असताना, तोच निकाल आला तरच.

११. बाण डावीकडे जातो म्हणून टोक जड केलं, तर अजून डावीकडे! तुम्ही तर उलटं सांगितलं होतं.

उलटं नाही सांगितलं, तुमचा बाण बहुतेक फारच मऊ आहे. इतका वाकतो की शेपटी धनुष्याच्या अंगावर आपटते आणि उसळून बाण डावीकडे फेकला जातो, म्हणजे मऊ असून कडक असल्यासारखा दिसतो. जड टोकाने अजून मऊ झाला, अजून जोरात आपटला.

ओळखायचं कसं: सुटताना टक् असा आवाज, प्लेटच्या कडेला रंगाची रेघ, एकाच पिसाचं बूड खरवडलेलं. खात्री करायला खूप हलकं टोक लावून मारा. बाण आधी उजवीकडे आला आणि मग अजून हलकं केल्यावर मध्याकडे सरकला तर विषय संपला, कडक शाफ्ट घ्या. म्हणूनच मी म्हणतो की एकाच टोकावर निकाल ठरवू नका, दोन-तीन वजनं मारून निकाल कुठल्या दिशेला सरकतो ते बघा, दिशा खोटं बोलत नाही.

१२. पेपर टेस्ट केली तर चालेल का?

पेपर टेस्ट म्हणजे ताणलेल्या कागदातून बाण मारून फाट बघणं. चालेल, पण बोटांनी सोडणाऱ्यांना तिचा उपयोग कमी. बाण अजून लवलवत असतानाच कागदातून जातो, त्यामुळे दोन पावलं मागे-पुढे उभे राहिलात तरी फाट वेगळी दिसते. करायचीच असेल तर बेअर शाफ्टने करा, दोन-तीन अंतरांवरून. शेपटीची फाट उजवीकडे म्हणजे कडक, डावीकडे म्हणजे मऊ. बेअर शाफ्टचा निकाल आणि कागदाचा निकाल वेगळा आला तर बेअर शाफ्टचं ऐका.

१३. पिसं लावू की प्लॅस्टिक व्हेन? पिसं पावसात भिजतात ना.

शेल्फवरून मारत असाल तर पिसंच. पीस दाबलं की दबतं आणि निघून जातं, प्लॅस्टिक आपटून बाण उडवतं. उंच रेस्ट (बाण टेकवायचा वेगळा आधार) लावला असेल तर व्हेन चालतात. भिजलेली पिसं चपटी होतात हे खरं आहे, पावसाआधी पिसांची पावडर लावा आणि भाता झाका.

तीन पिसं, ४ किंवा ५ इंच, सगळी एकाच पंखाची, डाव्या पंखाची आणि उजव्या पंखाची एका बाणावर कधीच मिसळायची नाहीत, कारण त्यांची वळणं विरुद्ध असतात. थोडी तिरकी लावली की बाण फिरतो आणि लवकर स्थिर होतो. रंगाने वेगळं असलेलं पीस बाहेरच्या बाजूला. नव्यांना मी पाच इंचीच सांगतो.

१४. सगळं जुळलं तरी बाण धनुष्याला घासतो, आवाज येतो. का?

प्रश्न ११ मधलं कारण नाही ना ते आधी तपासा. नसेल तर शेल्फकडे बघा. सपाट आणि रुंद शेल्फवर बाण लांबीभर टेकतो, तेवढी घासायला संधी जास्त. शेल्फवरच्या चामड्याखाली, मुठीच्या सगळ्यात खोल जागेच्या बरोबर वर, एक काडेपेटीची काडी आडवी चिकटवा, बाजूच्या प्लेटखाली त्याच रेषेत दुसरी उभी. आता बाण दोन उंचवट्यांवरच टेकतो. हाताने मूठ जराशी पिळली गेली तरी टेकायची जागा फारशी सरकत नाही, हा त्याचा दुसरा फायदा.

घासतं कुठे ते कळत नसेल तर शेल्फवर आणि प्लेटवर टाल्कम पावडर मारा आणि दोन-तीन बाण सोडा, पुसलेली जागा दिसेल.

आणि नॉक बघा. दोरीवर बसवल्यावर बाण उलटा लटकला पाहिजे आणि दोरीला बोटाने टिचकी मारली की पडला पाहिजे. न पडणारा नॉक दोरीला सोडत नाही, आपोआप पडणारा नॉक धोक्याचा, दोरी रिकामी सुटू शकते.

१५. बाण किती जड हवा? आणि पुढचा भाग किती जड?

धनुष्याच्या प्रत्येक पाउंडाला ८ ते १० ग्रेन. ४० पाउंड हातात असतील तर ९ च्या हिशेबाने ३६० ग्रेन, म्हणजे २३ ग्रॅमच्या जरा वर (एक ग्रॅम म्हणजे १५.४ ग्रेन, दागिने तोलायच्या छोट्या काट्यावर आरामात मोजता येतं). एकाच लाकडातून कोरलेल्या धनुष्याला १० च्या खाली जाऊ नका. फार हलका बाण ऊर्जा घेत नाही, ती धनुष्यातच राहते, आणि मग आवाज, झटके, शेवटी तडा.

पुढचा भार काढायला बाण बोटावर तोलून तो बिंदू शोधा. नॉकपासून ते अंतर, वजा अर्धी लांबी, भागिले लांबी. २९ इंचाचा बाण १८ इंचांवर तोलला तर १८ वजा १४.५ म्हणजे ३.५, भागिले २९, म्हणजे १२ टक्के. १० ते १५ चांगलं. जास्त असलं तरी बिघडत नाही, फक्त लांब अंतरावर बाण लवकर खाली येतो. या आकड्याच्या मागे लागून स्पाइन बिघडवू नका.

१६. लाकडी बाणांचं काय वेगळं असतं?

बरंच. एका डझनात वजन आणि स्पाइन थोडं इकडेतिकडे असतंच, म्हणून ५ पाउंडांच्या आतले आणि वजनाने जवळचे निवडून घ्या.

नॉकची दिशा महत्त्वाची. शाफ्टच्या बुडाकडून बघितलं की लाकडाची वलयं समांतर रेषांसारखी दिसतात. नॉकची खाच त्या रेषांना काटकोनात कापायची, म्हणजे बाण दोरीवर असताना धनुष्याकडच्या बाजूला बारीक सरळ रेषा येतात आणि टोकदार नक्षी वर आणि खाली येते. कडक बाजू धनुष्याला लागली की सगळे बाण सारखे वागतात. वरच्या बाजूला दिसणाऱ्या नक्षीची टोकं टार्गेटकडे असू द्या, बाण तुटलाच तर फाक हातापासून लांब जाते.

वाकडा झाला तर मधल्या भागाला मंद आचेवर गरम करून हाताने उलटा दाबून थंड होईपर्यंत धरायचा. घाई केली की परत वाकतो.

बेअर शाफ्ट लाकडावर दहा मीटरपेक्षा लांब मारू नका, तिरका घुसला की टोकामागे मोडतो. त्यापेक्षा पिसं आधी लावा आणि सुटताना शेपटी कशी हलते ते कुणाला तरी मागे उभं करून बघायला सांगा.

सराव सुरू करण्याआधी प्रत्येक बाण, लाकडी असो की कार्बन, थोडा वाकवून कानाजवळ धरा. कड् असा बारीक आवाज आला, चीर दिसली, की तो बाण मोडून टाकून द्या. भात्यात ठेवू नका, चुकून हातात येतो.

१७. बांबूचे बाण ट्यून करता येतात का? प्रत्येक कांडी वेगळी असते.

येतात, आणि छान उडतात. बांबू वाकला तरी चटकन सरळ होतो, म्हणून त्याच्याकडून स्पाइनमध्ये थोडी सूट मिळते. जाड बाजू, म्हणजे मुळाकडची, पुढे टोकाला घ्या आणि बारीक बाजू नॉकला, म्हणजे पुढचा भार आपोआप येतो आणि बारीक शेपटी धनुष्याजवळून सहज निघते. गाठी थोड्या घासा पण सपाट करू नका, ताकद तिथेच असते. प्रत्येक कांडी सगळ्या बाजूंनी वाकवून बघा, कडक बाजू धनुष्याकडे येईल असा नॉक कापा. टोकामागे आणि नॉकखाली दोऱ्याने घट्ट गुंडाळणं विसरू नका, नाहीतर फाटेल.

१८. मी अंगठीने, म्हणजे अंगठ्याने ओढतो. माझं काय?

उजव्या हाताने अंगठ्याने ओढलं की बाण धनुष्याच्या उजव्या अंगाला असतो आणि दोरी उलट्या बाजूला घरंगळते. म्हणून प्रश्न ९ मधलं डावं-उजवं तुम्हाला उलटं: कडक बाण उजवीकडे, मऊ डावीकडे. वर-खालीचे नियम तेच.

या धनुष्यांना बहुतेक खाच नसते, म्हणून बाण मऊ लागतो. पण तुर्की-मंगोल पद्धतीच्या तिरंदाजीत सोडताना धनुष्याचा हात किंचित वळवून धनुष्य बाणाच्या वाटेतून बाजूला काढतात, त्याला खात्रा म्हणतात, आणि क्युदोत, म्हणजे जपानी तिरंदाजीत तर धनुष्य मुठीतच गोल फिरतं. हे नीट जमत असेल तर कडक बाणही सरळ जातो. न जमणाऱ्याने मात्र त्यावर विसंबून स्पाइन निवडू नये, दर वेळी हात वेगळा वळला की निकालही वेगळा.

१९. दोरी बदलली आणि सगळं बिघडलं. आधी छान उडत होते.

साहजिक आहे. जुन्या डॅक्रॉनच्या जागी न ताणणारी आधुनिक दोरी लावली तर बाणाला झटका जास्त बसतो आणि तो मऊ वागतो, म्हणजे उजवीकडे. उलट दोरीवर लोकरीचे सायलेन्सर बांधले तर दोरी मंदावते आणि बाण जरा कडक वागतो. दोरी बदलली की प्रश्न ६ पासून परत सुरू करा, टोकाचं वजन बदलून बहुतेक वेळा काम होतं. आणि जुन्या धनुष्याची टोकं न ताणणाऱ्या दोरीसाठी मजबूत केलेली नसतील तर ती लावूच नका, दोरी टोकात रुतून धनुष्य फाटतं.

२०. डझनात एकच बाण नेहमी वेगळा जातो.

बाणांवर नंबर लिहा, सगळ्यात आधी. मग कळतं की खरंच एकच आहे की आपल्याला तसं वाटतंय. खरंच असेल तर तोला, नखावर टेकवून फिरवून बघा की टोक थरथरतं का, नॉक वाकडा बसलाय का. कार्बन असेल तर नॉक थोडा-थोडा फिरवून मारा, कार्बनच्या नळीला एक बाजू जास्त कडक असू शकते, फिरवता फिरवता अचानक तो बाकीच्यांत येऊन बसतो. नाहीच आला तर तो सरावाच्या भात्यात टाका, त्यावर संध्याकाळ घालवू नका.

२१. माझ्याकडे दोन धनुष्यं आहेत, ३५ आणि ४२ पाउंडांची. एकच बाण दोघांना चालेल?

कधी कधी चालतो, जेव्हा हलक्या धनुष्याची खाच खोल असते आणि जड धनुष्याची उथळ, तेव्हा दोघांची मागणी जवळ येते. नाहीतर एकच शाफ्ट ठेवा आणि स्क्रूची टोकं दोन ठेवा: ३५ ला जड, समजा १७५ ग्रेन, ४२ ला हलकं, समजा १००. जड टोकाने शाफ्ट मऊ होतो आणि हलक्या धनुष्याला जुळतो. दोन गोष्टी मात्र तपासा. हलक्या टोकाचा अख्खा बाण ४२ पाउंडांसाठी निदान ३३६ ग्रेन भरतोय का (प्रश्न १५ चा ८ चा हिशेब), कारण आजकालचे बारीक कार्बन शाफ्ट इथे कमी पडतात. आणि दोन्ही धनुष्यांचा नॉकिंग पॉइंट वेगवेगळा जुळवा, एकाचं माप दुसऱ्याला लावू नका.